तुम्ही विचारलंत म्हणून: कॉमिक्स पहिल्या अंकापासूनच वाचायची का?

हा प्रश्न बहुतेक वेळा पालक विचारतात, कधी कॉलेजातली मुलं. सिनेमे बघून झालेले असतात, आवडता सुपरहिरो ठरलेला असतो, आता मूळ कॉमिक्स वाचायची हौस असते. आणि सुरुवात म्हणजे अंक १, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तेव्हा आधी उत्तर देऊन टाकतो: अंक १च्या मागे लागू नका. एक पात्र निवडा, त्याची एक पूर्ण गोष्ट घ्या आणि ती दोनदा वाचा.

अमेरिकन कॉमिक्समध्ये ‘अंक १’ हा बऱ्याचदा खप वाढवायचा उपाय असतो. ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’चा अंक १ १९६३ साली निघाला. मग १९९९, २०१४, २०१५, २०१८ आणि २०२२ सालीही अंक १ निघाला. बॅटमॅन-सुपरमॅनच्या डीसी कंपनीने २०११मध्ये एकदम ५२ मालिका पहिल्या अंकापासून सुरू केल्या. तुम्ही हौसेने घेतलेला अंक १ त्यामुळे मागची कित्येक वर्षं वाचलेला वाचक गृहीत धरून लिहिलेला असू शकतो, आणि दहाव्या पानावर ‘हा कोण?’ असं होऊन पुस्तक मिटतं. दुसरी फसगत ‘इव्हेंट’ची, म्हणजे अनेक मालिकांत पसरणाऱ्या मोठ्या गोष्टीची. ‘सिव्हिल वॉर’ ही २००६-०७ची मुख्य मालिका सात अंकांचीच, पण तिचे धागे इतर मालिकांमध्ये पसरलेले. सिनेमा आवडला म्हणून त्याच नावाचं पुस्तक घेणाऱ्यांची इथे हमखास निराशा होते.

म्हणून सुटे अंक सोडून एकत्रित पुस्तक घ्या. एका अंकात गोष्टीची वीस-बावीस पानं असतात, आणि पुस्तकात साधारण पाच-सहा अंक. म्हणजे सव्वाशेच्या आसपास पानं, दोन संध्याकाळचं वाचन. विकत घेण्यापूर्वी आतल्या बारीक अक्षरांच्या पानावर कोणते अंक एकत्र केले आहेत ते बघा. आकडे सलग असावेत आणि लेखक शेवटपर्यंत एकच असावा. मधेच लेखक बदलला की पात्राची बोलायची ढबही बदलते, आणि नव्या वाचकाला वाटतं की आपल्यालाच काही कळलं नाही.

पात्र कोणतं निवडायचं? त्याच्या अंगात काय काय शक्ती आहेत याची यादी करत बसू नका. त्याला काय जमत नाही आणि काय करायला तो कबूल होत नाही, एवढं बघा. १९३८ सालचा पहिला सुपरमॅन उडतसुद्धा नव्हता, फर्लांगभर उडी मारायचा. मग त्याची ताकद वाढत गेली आणि गोष्टीत अडचण आणायची कुठून, हा लेखकांपुढचा प्रश्न झाला. क्रिप्टोनाइट आलं ते आधी १९४३च्या रेडिओ मालिकेत, कॉमिक्समध्ये १९४९ साली. बॅटमॅनच्या १९३९च्या सुरुवातीच्या गोष्टींत पिस्तूलही दिसतं आणि माणसंही मरतात. ‘मारणार नाही’ हा नियम थोडा मागाहून बसला. तो बसल्यावरच जोकरशी त्याचं भांडण कधी न संपणारं झालं.

स्पायडर-मॅनचं जाळं सिनेमात २००२ साली मनगटातून आपोआप निघालं. मूळ कॉमिक्समध्ये मात्र पीटर, म्हणजे मुखवट्यामागचा मुलगा, ते द्रव्य स्वतः बनवतो, मनगटावर यंत्र बांधतो, ते जाळं तासाभरात विरघळतं, आणि ऐन मारामारीत द्रव्य संपतं. सगळी गोष्ट त्या ‘संपतं’मध्ये आहे. आपल्याकडच्यांपैकी राज कॉमिक्सचा सुपर कमांडो ध्रुव (१९८७, अनुपम सिन्हा) याच कारणासाठी सुचवतो. त्याच्याकडे अतिमानवी ताकद नाही. सर्कशीत शिकलेल्या कसरती, पशुपक्ष्यांशी बोलण्याची विद्या आणि आसपास पडलेल्या वस्तू एवढ्यावर तो सुटतो. हिंदी सोपी आहे, चौथी-पाचवीतली मुलं सहज वाचतात. घरात आजोबा असतील तर वेताळाचा विषय निघणारच. वेताळ म्हणजे ली फॉकचा फँटम, १९३६चा, आपल्याकडे तो इंद्रजाल कॉमिक्समधून पोचला. उजव्या हातात कवटीची अंगठी, डाव्या हातात रक्षणाच्या खुणेची. दोन अंगठ्यांत अख्खं पात्र बसलंय. गोव्यातल्या आमोण्याच्या किंवा पैंगीणच्या वेताळ देवाशी याचा संबंध नाही, हे मुलांना एकदा सांगून टाकलेलं बरं.

पात्र भक्कम आहे की नुसतेच रंगीत कपडे आहेत, हे दुकानात उभ्याउभ्या कळतं. पुस्तक मधेच उघडा, चित्र हाताने झाका आणि संवादांचे तीन-चार फुगे वाचा. कोण बोलतंय ते नाव न वाचता ओळखता आलं पाहिजे. स्पायडर-मॅन मार खाताना बडबडतो, बॅटमॅन दोन शब्दांत आटपतो. मग उलट करा: मजकूर झाका, डोळे किलकिले करा आणि नुसत्या आकृतीवरून पात्र सापडतंय का बघा. पेडण्याच्या दशावतारात काळा संकासुर आला की तोंड उघडण्याआधीच शेवटच्या रांगेतल्या पोराला कळतं कोण आलाय. चांगला पोशाख तेवढं काम करतो. दोन्ही परीक्षांत नापास झालेलं पुस्तक परत ठेवा, मुखपृष्ठ कितीही चकचकीत असो.

आता दोनदा वाचायचं ते का. मराठी वाचक मजकुराला सरावलेला असतो. तो फुगे भराभर वाचतो, चित्रांवरून नजर घसरते, आणि पुस्तक अर्ध्या तासात संपतं. मग ‘एवढे पैसे आणि एवढंच?’ असं वाटतं. पहिल्यांदा तसंच वाचा, हरकत नाही. दुसऱ्यांदा शब्द सोडा आणि चौकटींचे आकार बघा. नमुना म्हणून ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’चा १९६६चा अंक ३३ घ्या, चित्रं स्टीव्ह डिट्कोची, संवाद स्टॅन लीचे. आधीच्या अंकाच्या शेवटी पीटर एका अजस्र यंत्राखाली सापडलाय. मे काकूचा जीव ज्या औषधावर आहे ते समोरच पडलंय, हात पोचत नाही, आणि छतातून पाणी गळतंय. अंक उघडतो तेव्हाही तो तिथेच आहे. सुरुवातीच्या चौकटी अरुंद, यंत्र वरून दाबत आलेलं, माणूस खाली कोपऱ्यात. तो जोर लावतो, थकतो, बेन काका आणि मे काकूचे चेहरे डोळ्यांपुढे येतात, पुन्हा जोर लावतो. जसजसं यंत्र हलतं तसतशा चौकटी मोठ्या होत जातात, आणि ते उचललं जातं तेव्हा पूर्ण पान एकच चित्र होतं. कोणाशी मारामारी नाही. एक मुलगा वजन उचलतोय, बस्स, आणि त्याला जवळजवळ पाच पानं दिली आहेत. पानं उलटताना वेग कुठे कमी होतो हे ज्याला इथे जाणवलं, त्याला पुढचं शिकवावं लागत नाही.

नजरेला सवय लावायला पणजी मार्केटातली व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची भित्तिचित्रं फुकटात आहेत. त्या गर्दीतला प्रत्येक जण वेगळं काहीतरी करत असतो. मासे घेऊन झाले की पाच मिनिटं उभे राहा.

फोनवर वाचता येतं का, असंही विचारतात. येतं, पण वरच्यासारखी पानं मारली जातात. अॅप एकेक चौकट मोठी करून दाखवतं, मग पूर्ण पानाचं चित्र आणि तळहाताएवढी चौकट एकाच आकाराची दिसते. छापील पान साधारण साडेसहा इंच रुंद आणि सव्वादहा इंच उंच असतं. दहा इंची टॅबलेट उभा धरला तर जमतं, त्याहून लहान पडद्यावर नको.

सुरुवातीला नेमकं काय घ्यायचं? बॅटमॅनसाठी ‘इयर वन’: १९८७, अंक ४०४ ते ४०७, चारच अंक, आणि निम्मी गोष्ट पोलीस लेफ्टनंट गॉर्डनची. सुपरमॅनसाठी बारा अंकांची ‘ऑल-स्टार सुपरमॅन’, जिथे त्याची जन्मकथा पहिल्याच पानावर चार चौकटी आणि आठ इंग्रजी शब्दांत उरकली आहे. शाळकरी मुलींसाठी, आणि मुलांसाठीही, २०१४ची ‘मिस मार्व्हल’: जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी घरातली कमला खान. माझ्या नियमाला हा अपवाद, ही मालिका अंक १पासूनच वाचा. ‘वॉचमेन’ आणि ‘द किलिंग जोक’ मात्र बारा वर्षांच्या पोराच्या हातात देऊ नका. मुखपृष्ठावर सुपरहिरो आहे म्हणजे आतलं मुलांसाठी असतं, असं नाही. जुन्या अंकांच्या मुखपृष्ठावर कॉमिक्स कोडचा, म्हणजे आतला मजकूर तपासल्याचा, शिक्का असतो, १९५४ साली सुरू झालेला. तो असेल तर निर्धास्त द्या. नव्या पुस्तकांवर बहुधा मागच्या बाजूला वयोगटाची बारीक खूण असते, ती बघा.

विकत घेण्यापूर्वी पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांच्या विभागात एक फेरी मारा. कदंब स्थानकावरून चालत जाता येतं. मुलाने तिथे कशाला हात घातला ते बघून मग खर्च करा.

आणि मग पावसाळा, गोव्यात जो प्रश्न टळत नाही. चकचकीत कागदावर मातीचा लेप असतो. दमट हवेत तो चिकट होतो, पानं एकमेकांना धरतात, आणि तशीच वाळली तर सोडवताना चित्र सोलून येतं. पुस्तक भिजलंच तर ओलं असतानाच पानांमध्ये बटर पेपर घाला. वेळ नसेल तर पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवा, बुरशी थांबते आणि सवडीने काम करता येतं. सुट्या अंकांच्या पिना समुद्राच्या हवेत गंजतात आणि मधल्या पानांवर तांबूस डाग पडतात.

डब्यात भरायचं काम जानेवारी-फेब्रुवारीतच करा. मे महिन्यात हवा आधीच दमट असते, तेव्हा झाकण लावलं तर ओल आतच कोंडते आणि जूनमध्ये डबा उघडल्यावर वास येतो. भरण्याआधी पुस्तकं पंख्याखाली सावलीत दोन दिवस उभी ठेवा. उन्हात नको, स्वस्त कागद पिवळा पडतो. प्रत्येक अंकाला शर्टच्या दुकानात मिळते तशी कुरकुरीत आवाजाची पॉलिप्रॉपिलीनची पिशवी घाला. मऊ, वास येणारं प्लास्टिक शाईला चिकटतं. आधाराला साधा करडा पुठ्ठा नको, त्यातल्या आम्लाने मागचं पान डागाळतं. आम्लरहित बोर्ड ऑनलाइन मिळतो. झाकणाला रबरी कडा असलेल्या पन्नास लिटरच्या डब्याला पाव किलो सिलिका जेल पुरतं. निळे दाणे गुलाबी झाले की काढून मंद आचेवर तापवा, निळे झाले की परत ठेवा. डबा भिंतीला टेकवू नका आणि जमिनीवरही ठेवू नका, विटांवर ठेवा. वाळवी भिंतीच्या कडेने येते. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, दोन-चार पावसाळ्यांत गोंद तपकिरी होतो. चवथीच्या साफसफाईत डबा एकदा उघडून बघा. बुरशीची पांढरी पूड दिसली तर ते पुस्तक बाहेर गॅलरीत न्या, नाकाला फडकं बांधा आणि कोरड्या मऊ ब्रशने झाडा. ओल्या कपड्याने पुसलं तर ती कागदात मुरते.