आमची वाटचाल: आधी उलटवा, मग न्या

सुरुवातीला आम्ही कयाकवर, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीवर, फक्त रॉड होल्डर, म्हणजे गळाची काठी अडकवायच्या खोबणी, बसवून द्यायचो. गिऱ्हाईक बोटाने दाखवील तिथे भोक पाडायचं, होल्डर ठोकायचा. एकावर आम्ही सहा बसवले आणि त्याचा फोटो भिंतीवर लावला. तो फोटो आता काढलाय.

कारण मीच. गळ टाकणं आणि डायव्हिंग एकाच फेरीत उरकू म्हणून निघालो, सामान हाताला येईल तसं भरलं. डुबी मारून वर चढताना कयाक माझ्याच अंगावर कलंडली. दोन रॉड, खाली जायला कंबरेला बांधायचा शिशाचा पट्टा, पक्कड, सगळं तळाला. वल्हं तेवढं दोरीने बांधलेलं होतं, म्हणून परत आलो. एक गळ पोटरीत घुसला, तो वेगळाच.

मग धंदा होल्डरवरून सामान बांधायच्या दोऱ्या-पट्ट्यांवर आला. धाकटा भाऊ म्हणाला, "होल्डर काय, कोणीही विकेल." खरंच होतं. शिवाय कयाकच्या प्लास्टिकला, पॉलिथिलीनला, कुठलाच डिंक नीट धरत नाही, त्यामुळे प्रत्येक भोक म्हणजे उद्याची गळती. दोनच्या वर होल्डर आम्ही आता सहसा बसवत नाही. लाटांतून किनाऱ्याला लागताना रॉड उभे ठेवले तर मोडतात. ते आडवे, हॅचमध्ये, म्हणजे कयाकच्या झाकणाखालच्या कप्प्यात.

डायव्हिंगच्या हवेच्या टाकीने आम्हाला जास्त छळलं. रिकामी अॅल्युमिनियमची टाकीसुद्धा चौदा किलोच्या आसपास भरते. भरलेली समुद्रात बुडते, संपत आली की तरंगायला बघते, म्हणजे दोन्ही वेळा ती पळणार. नुसत्या रबरी दोरीवर ती राहत नाही, बकलचा पट्टाच लागतो. आणि ती मागे ठेवली की पुढचं टोक उचलतं, वारा त्याला ढकलत नेतो. म्हणून नांगर आणि बाकीचं जड सामान पुढे. नांगराची दोरी मात्र टोकावरून सोडायची. बाजूला बांधली की प्रवाह कयाक आडवी करतो.

सामान कुठे ठेवायचं हे जागेवरून नाही, क्रमावरून ठरतं, हे कळायला आम्हाला बरेच दिवस लागले. टाकी ज्याला बांधतात ते डायव्हिंगचं जॅकेट फुगवून, टाकीसकट दोरीला अडकवून आधी पाण्यात सोडायचं आणि पाण्यातच चढवायचं. परतताना शिशाचा पट्टा पहिला वर, मग जॅकेट काढून दोरीला. फिन्स, म्हणजे पायातले पंखे, शेवटी, कारण वर चढायला लाथ त्यांचीच. म्हणून शिशाच्या पट्ट्याची जागा मध्यावर, पायांजवळ, एका हाताने पोचेल अशी.

आता कयाक नेण्याआधी गिऱ्हाइकाने ती सगळ्या सामानासकट कंबरभर पाण्यात आमच्यासमोर उलटवायची, हा नियम आहे. काही जण वैतागतात, एक-दोघं निघूनही गेले. जे सुटेल, त्याला भाऊ तिथेच दोरी लावतो. गेल्या खेपेला सुटली ती माझीच नवी पक्कड.