डूम्सडे चांगला असेल का, मॅडम?

हा प्रश्न मला वर्गातली मुलं विचारतात, मुलांना न्यायला आलेले पालक विचारतात, धरमपेठेत भाजी घेताना भेटलेले जुने विद्यार्थीही विचारतात. मी अकरावी-बारावीला गणित शिकवते, पण सुपरहिरोंचे चित्रपट मी मनापासून बघते हे आता बऱ्याच पोरांना ठाऊक झालंय. या प्रश्नाला एक शेपूटही असतं: "पहिले रिअॅक्शन आले की सांगाल ना, जायचं की थांबायचं ते?" तुम्ही सगळ्यांनी विचारलंत, म्हणून एकदा नीट उत्तर देते.

ज्या पालकांना यातलं काहीच माहीत नाही, त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. 'अॅव्हेंजर्स: डूम्सडे' १ मे २०२६ला येणार होता, नंतर त्याची तारीख १८ डिसेंबर २०२६ ठरली. याच मालिकेतला २०१९चा 'एंडगेम' ज्यांनी केला तेच रूसो बंधू याचे दिग्दर्शक आहेत. पोरांची झोप उडवणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. आयर्न मॅन, म्हणजे टोनी स्टार्क, झालेला रॉबर्ट डाउनी ज्युनियर या वेळी खलनायक आहे, डॉक्टर डूम. जुलै २०२४मध्ये सॅन डिएगोला कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मेळाव्यात हिरवा झगा घातलेल्या एका माणसाने मुखवटा काढला आणि आतून डाउनी निघाला. त्यानंतर माझ्या वर्गात सरळ दोन तट पडले. "टोनी स्टार्कच डूम कसा काय बनून राहिला, मॅडम? हे काय करून राहिले बाप्पा हे लोकं!" असं एक गट म्हणत होता. दुसऱ्या गटाला डाउनी परत येतोय एवढंच पुरेसं होतं, मग तो कोण का होईना.

मार्च २०२५मध्ये कलाकारांची नावं जाहीर झाली तीही कशी, तर पाच तासांहून जास्त चाललेल्या थेट प्रक्षेपणात एकेक खुर्ची दाखवून. खुर्चीच्या पाठीवर नाव. अशी सत्तावीस नावं आली आणि त्यात एक्स-मेनचे जुने दिग्गज पॅट्रिक स्टुअर्ट आणि इयन मॅकेलनही होते. दुसऱ्या दिवशी एका मुलाची वही तपासायला माझ्या हाती आली. पुढच्या बाजूला निश्चित संकलनाची उदाहरणं, आणि मागच्या पानावर पट्टीने आखलेला तक्ता. पहिल्या रकान्यात सत्तावीस नावं, दुसऱ्यात "कोणाच्या बाजूने", तिसऱ्यात "मरणार का". तिसऱ्या रकान्यात पेन्सिल वापरली होती, खोडरबराच्या खुणाही होत्या. ते पान मी बराच वेळ बघत होते. एवढ्या काळजीने आखलेलं काही मला गणिताच्या वहीत क्वचितच दिसतं. (उदाहरणंही बरोबर होती, हे सांगितलंच पाहिजे.)

म्हणून अपेक्षा कमी ठेवा, म्हणजे निराशा होत नाही, हा सल्ला मला पटत नाही. वाट बघणं हा या चित्रपटांच्या आनंदाचाच भाग आहे. मुलं महिनोन्महिने तर्क लढवतात, भांडतात, जुने भाग पुन्हा बघतात, कुठल्या दृश्यात काय पेरलं होतं ते शोधून काढतात. एवढं प्रेम करायचं आणि वर अपेक्षा ठेवायची नाही, हे कसं जमावं? अपेक्षा खुशाल धरा. फक्त ती कशाची धरायची, याचा विचार करा.

आता पहिल्या प्रतिक्रियांकडे येऊ. त्या तयार कशा होतात हे एकदा समजून घेतलं की त्यांचं वजन आपोआप कळतं. चित्रपट सगळीकडे लागण्याआधी काही दिवस मोठा प्रीमियर होतो, बहुधा लॉस एंजेलिसमध्ये. पत्रकार, समीक्षक, यूट्यूबवर चित्रपटांबद्दल बोलणारे यांना बोलावणं असतं. हॉलमध्ये खुद्द कलाकार बसलेले असतात, प्रत्येक एन्ट्रीला आरडाओरडा होतो. सविस्तर परीक्षण छापायला पुढच्या तारखेपर्यंत बंदी असते, पण समाजमाध्यमांवर दोन-चार ओळी लिहायची मुभा त्याआधीच, बऱ्याचदा त्याच रात्री, मिळते. तिथे रात्रीचे दहा वाजलेले असतात तेव्हा डिसेंबरात आपल्याकडे दुसऱ्या दिवसाचे सकाळचे साडेअकरा झालेले असतात. म्हणजे ऐन तासाला पोरांच्या खिशातले फोन थरथरायला लागतात.

त्या ओळी लिहिणारे खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. आवडत्या माणसांच्या सोबतीने, पहिल्यांदा, गच्च भरलेल्या हॉलमध्ये बघितलेला चित्रपट कोणालाही भारीच वाटेल. त्या रात्रीचा माहोल त्या ओळींतून अगदी खरा कळतो. गोष्ट किती टिकेल हे दोन ओळींत मावत नाही.

'द फ्लॅश' आठवा. एप्रिल २०२३मध्ये लास व्हेगासला सिनेमाकॉन या थिएटरवाल्यांच्या संमेलनात तो दाखवला. काही दृश्यांचं काम तेव्हा पुरं व्हायचं होतं, तरी तिथून आलेल्या प्रतिक्रियांनी त्याला डोक्यावर घेतलं. फ्लॅश, बॅटमॅन ज्यांचे त्या डीसीच्या तेव्हाच्या नव्या प्रमुखांनी, जेम्स गन यांनी, तर त्याआधीच त्याची सर्वोत्तम सुपरहिरो चित्रपटांत गणना केली होती. जूनमध्ये तो लागला आणि जगभरातून त्याने साधारण २७ कोटी डॉलर जमवले. खर्चच २० कोटींच्या घरात होता, त्यात जाहिरात धरलेली नाही आणि तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा थिएटरवाल्यांकडे जातो. हिशेब तुम्हीच करा.

हिशेबाचं निघालंच आहे, तर समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या वेबसाइटच्या टक्क्यांबद्दलही सांगते, कारण इथे शिकलेली माणसंही फसतात. ९० टक्के म्हणजे चित्रपटाला शंभरपैकी नव्वद गुण मिळाले, असा अर्थ नाही. शंभरातल्या नव्वद समीक्षकांना तो एकंदरीत चालण्यासारखा वाटला, एवढाच तो आकडा आहे. दहा जणांनी प्रत्येकी दहापैकी सहा गुण दिले, तर सरासरी सहाच, पण वर १०० टक्के झळकू शकतात. उलट पाच जणांनी दहापैकी दहा दिले आणि पाच जणांनी चार, तर सरासरी सात येते आणि टक्के मात्र पन्नास. मी हे फळ्यावर मांडलं तेव्हा वर्गात एकदम शांतता झाली, मग मागून आवाज आला, "म्हणजे दुसरा पिच्चर जास्त भारी असू शकते ना?" असूच शकतो. काहींना जीव लावणारा आणि काहींना अजिबात न झेपणारा चित्रपट मला तरी सगळ्यांना बरा वाटणाऱ्या चित्रपटापेक्षा जास्त बघावासा वाटतो.

चित्रपट येण्याआधीचा राग तर याहून कच्चा असतो. १९८८मध्ये मायकल कीटनला बॅटमॅन केलं तेव्हा निषेधाची हजारो पत्रं वॉर्नर ब्रदर्सकडे गेली. विनोदी भूमिका करणारा नट बॅटमॅन कसा होईल, ही तक्रार. पुढच्या वर्षी चित्रपट आला आणि कीटन अनेकांचा कायमचा बॅटमॅन झाला. २००६मध्ये हीथ लेजरचं नाव जोकरसाठी जाहीर झालं, तेव्हाही लोक असेच उखडले होते. 'द डार्क नाइट' २००८च्या जुलैत आला, त्याआधी जानेवारीतच लेजर गेला होता. फेब्रुवारी २००९मध्ये त्याला मरणोत्तर ऑस्कर मिळालं. एका नावावरून, एका फोटोवरून, अर्ध्या मिनिटाच्या टीझरवरून शितावरून भाताची परीक्षा करायची सवय आपल्याला लागली आहे, पण भात अजून चुलीवर चढलेलाही नसतो.

मग अपेक्षा कशाची धरायची? मी कारणाची धरते.

'एंडगेम' मी एम्प्रेस मॉलमध्ये हिंदीत बघितला. एप्रिल संपत आला होता, बाहेर नागपूरचं ऊन आणि आत हॉल खच्चून भरलेला. शेवटच्या लढाईत थॉर आडवा झालाय, खलनायक थॅनोस त्याच्या छातीत कुऱ्हाड रुतवतोय, आणि मागे जमिनीवरून थॉरचा हातोडा, जो फक्त लायक माणसालाच उचलता येतो, तो उठतो. थॅनोसला फटका बसतो, हातोडा मागे फिरतो आणि कॅप्टन अमेरिकाच्या हातात जातो. पुढचे संवाद मला ऐकूच आले नाहीत. माझ्या शेजारचा मुलगा खुर्चीवर उभा राहिला होता, आणि त्याला खाली ओढायचं सोडून त्याची आई स्वतःच टाळ्या पिटत होती. ही टाळी पेरली होती २०१५मध्ये. 'एज ऑफ अल्ट्रॉन'मध्ये पार्टीत सगळे गंमत म्हणून तो हातोडा उचलायला जातात, कोणालाच हलत नाही, स्टीव्ह, म्हणजे कॅप्टन अमेरिका, हात लावतो तेव्हा तो केसभर सरकतो आणि थॉरच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणभर उतरतं. चार वर्षं ते दृश्य लोकांनी मनात जपलं होतं. प्रीमियरच्या रात्री कोणी "अंगावर काटा आला" असं लिहिलंही असेल, पण तो काटा का आला हे त्या ओळीत कसं सांगणार?

डूम्सडेकडून मला हेच हवंय. डाउनीचा चेहरा दिसला की पहिली टाळी पडणारच, ती आधीच ठरलेली आहे. त्यानंतर गोष्टीने मला पटवून द्यायला हवं की डूम हाच चेहरा घेऊन का आलाय. नुसती ओळख विकायची असेल तर अर्ध्या तासात हॉल थंड पडेल, आणि सत्तावीस खुर्च्याही त्याला वाचवणार नाहीत. डिसेंबर २०२५च्या पहिल्या टीझरमध्ये स्टीव्ह रॉजर्स तान्ह्या बाळाला घेऊन दिसला तेव्हा मलाही आनंद झाला, पण 'एंडगेम'ने त्याला दिलेला निरोप इतका पुरा होता की त्याला परत बोलावण्याचं कारण तेवढंच मोठं असायला हवं.

प्रतिक्रिया येतील त्या मीही वाचेन. कौतुक करणारे कोणत्या पात्राबद्दल बोलतात ते बघेन. सगळेच "भव्य", "डोळे दिपले" म्हणत असतील आणि डूमला नेमकं काय हवंय हे एकालाही सांगावंसं वाटत नसेल, तर थोडी धाकधूक वाटेल. तिकीट तरी काढीनच.

आणखी एक अपेक्षा आहे, ती आपल्या बाजूची. नागपुरात निम्मी गर्दी हिंदी शोला असते. टोनी स्टार्कला हिंदीत राजेश खट्टर यांनी आवाज दिला होता आणि कित्येक मुलांच्या कानात टोनी म्हणजे तोच आवाज आहे. डूमही त्याच आवाजात बोलला, तर हिंदी शोला बसलेल्या पोराला तो धक्का इंग्रजीइतकाच जोरात बसेल. आणि मराठीचं काय? जून २०२३मध्ये 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' भारतात दहा भाषांत लागला, त्यांत मराठी होती. रस्ता तयार आहे, मग डूम्सडेही मराठीत का येऊ नये?

शेवटी पोरांसाठी. अमेरिकेच्या आधी चित्रपट आपल्याकडे लागतो असंही घडतं. 'नो वे होम' इथे १६ डिसेंबर २०२१ला आला आणि तिकडे दुसऱ्या दिवशी. अशा वेळी पहिली प्रतिक्रिया तुमचीच असते. २०१९मध्ये रूसो बंधूंनी जगभरच्या चाहत्यांना पत्र लिहून विनंती केली होती की शेवट फोडू नका. ती विनंती मला फार रास्त वाटते, आणि त्याचं कारण माझ्या वर्गातच बसलेलं असतं. शुक्रवारचं तिकीट सगळ्यांना परवडत नाही. हिंगण्याहून, कामठीहून येणारी काही मुलं मंगळवारची किंवा बुधवारची वाट बघतात, कारण तेव्हा दर उतरतात. त्यांनीही तेवढेच महिने वाट बघितलेली असते, तक्तेही त्यांच्याच वहीत जास्त असतात. शुक्रवारी रात्री इंटरव्हललाच पडद्याचा फोटो स्टेटसला टाकणारा त्यांच्याकडून काहीतरी हिसकावून घेतो, आणि ते परत देता येत नाही.

म्हणून आत्ताच सांगून ठेवते. १८ डिसेंबरला शुक्रवार आहे. अधिवेशनाचे दिवस असले तर सीताबर्डीकडचे रस्ते बंद असतील, तेव्हा शोसाठी वेळेत निघा. पुढच्या बुधवारपर्यंत वर्गात कोणी मेला, कोणी वाचला, कोण आला, यातलं काहीही बोलायचं नाही, स्टेटसलाही टाकायचं नाही. गुरुवारी शेवटची पंधरा मिनिटं मी मोकळी ठेवते. तेव्हा ते वहीचं मागचं पान घेऊन या.