ड्रेटन हॉल: चार्ल्सटनजवळचं रिकामं घर (आई-बाबांसोबत)

आई-बाबा पुण्याहून आलेत, तर साउथ कॅरोलिनातलं चार्ल्सटन दाखवू म्हणून मार्चमधल्या एका वीकेंडला शार्लटहून निघालो, साधारण साडेतीन तासांचा ड्राइव्ह. एक प्लँटेशन (गुलामांच्या श्रमावर चाललेली जुनी मोठी शेती-इस्टेट) बघायचं एवढंच ठरलं होतं. अ‍ॅशली नदीच्या कडेने जाणाऱ्या हायवे ६१वर तीन ओळीने आहेत, आधी ड्रेटन हॉल, मग मॅग्नोलिया, मग मिडलटन प्लेस. बागा बघायच्या असतील तर पुढच्या दोघांकडे जा. मला घर बघायचं होतं, म्हणून ड्रेटन. (गप्पांच्या नादात गेट मागे पडलं आणि आम्ही थेट मॅग्नोलियाच्या दारात. रस्ता अरुंद, दोन्हीकडे झाडं अगदी डांबराला चिकटून, यू टर्नला जागाच मिळेना, तेव्हा आधीपासून डोळे उघडे ठेवा.)

आत गेल्यावर आईचं पहिलं वाक्य, "अगं, इथे तर काहीच नाही!" खरंच नाही. सोफा नाही, पडदे नाहीत, भांडी नाहीत, दिवा नाही, नळ नाही. हे घर १८व्या शतकाच्या मध्याला बांधलेलं, एकाच ड्रेटन कुटुंबाच्या सात पिढ्यांनी सांभाळलं, १९७४ मध्ये नॅशनल ट्रस्ट या ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आलं आणि तिथे ठरलं की सजवायचं नाही, जसं मिळालं तसं राखायचं. आतल्या खोल्यांना वीज नाही, एसी नाही. मला आधी वाटलं पैसे वाचवले असतील, पण अर्ध्या तासात पटलं. सामान असतं ना तिथे आपण खुर्च्याच बघत बसतो. इथे भिंती बघाव्या लागतात.

बाबा पीडब्ल्यूडीतून रिटायर, ते आत यायलाच तयार नव्हते, बाहेर विटांना हात लावून उभे. विटा रचायची पद्धत फ्लेमिश बाँड, म्हणजे एक वीट लांबीने दिसते, पुढची तोंडाने, परत लांबीने. "विटांमधल्या दरजा बघ कशा भरल्यात," असं तीनदा म्हणाले. रस्त्याच्या बाजूला दोन मजली पोर्टिको म्हणजे खांबांवरचा व्हरांडा आहे, खाली साधे डोरिक खांब, वर जास्त नक्षीदार आयोनिक (दोन्ही जुन्या ग्रीक धाटणी), आणि गंमत अशी की तो अर्धा बाहेर आलाय आणि अर्धा घराच्या पोटात शिरलाय. पॅलॅडिओ नावाच्या इटालियन वास्तुकाराच्या १६व्या शतकातल्या व्हिला कॉर्नारोमध्येही असाच दुमजली पोर्टिको आहे. ड्रेटनमंडळींनी इंग्लंडमार्गे पुस्तकांतून ही फॅशन उचलली. पण इथल्या उन्हात ती कामालाही येते, आपल्याकडे ओसरी असते तशी सावलीची जागा मिळते, वारा खेळतो. आम्ही तिथेच पंधरा मिनिटं बसलो.

मागची बाजू नदीकडे. पूर्वी लोक होडीने यायचे, त्यामुळे घराला दोन तोंडं. नदीकडून आत आलात की समोर दुहेरी जिना, दोन्हीकडून वर चढणारा, महोगनीचा, आणि एका खोलीच्या छताला गिलाव्यात केलेलं नक्षीकाम. ते साच्याचं नाही, ओला गिलावा असतानाच हाताने कोरलेलं, म्हणून नीट बघितलं तर पानंफुलं तंतोतंत सारखी येत नाहीत. मोठ्या दिवाणखान्यात फायरप्लेसच्या वरची चौकट थेट एका इंग्लिश डिझाइनच्या पुस्तकातून उचललीय, आपल्याकडे मिस्त्री कॅटलॉग दाखवून "हे बघा, असं करू" म्हणतो ना, तसंच. एका दाराजवळ भिंतीवर पेन्सिलीने मुलांची उंची मोजून ठेवलीय, नाव, तारीख, रेघ. कुत्र्याचीसुद्धा आहे. आई तिथे बराच वेळ थांबली, मग म्हणाली, आपल्याकडे तुझी होती, रंगकाम केलं तेव्हा गेली.

आता जे सगळ्यांनी बघावं असं. मुख्य जिन्याशिवाय घरात एक चिंचोळा जिना आहे, गुलामांना ये-जा करायला. त्याच्या तोंडाशी नुसतं उभं राहा आणि मग त्या महोगनीच्या जिन्याची रुंदी आठवा. हातात जळते दिवे आणि ताटं घेऊन हा जिना चढायचा, आणि पाहुण्यांच्या वाटेत दिसायचं नाही, म्हणजे घराचा आराखडाच तुम्हाला सांगतो कोण दिसायचं आणि कोण नाही. हे घर, तो भात, ती नीळ, सगळं त्यांच्याच श्रमावर. अंगणाच्या दोन बाजूंना छोट्या इमारती होत्या, एक १८८६च्या भूकंपात खिळखिळी झाली, दुसरी १८९३च्या वादळात गेली. मूळ घर मात्र टिकलं. १८६५ मध्ये, अमेरिकेच्या यादवी युद्धात, युनियनच्या म्हणजे उत्तरेच्या सैन्याने मिडलटनचं मुख्य घर जाळलं, ड्रेटन हॉल मात्र बचावलं. का, याच्या वेगवेगळ्या कथा ऐकू येतात.

रस्त्याच्या बाजूला झाडीत आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबांची दफनभूमी आहे. ती बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते, सोडू नका. तिथे रान वाढू दिलंय, मुद्दामच. इथेच वाढलेले आणि पुढे इथल्या गेटवर पाहुण्यांना गोष्टी सांगणारे रिचमंड बोवेन्सही इथेच पुरलेले आहेत, आणि त्यांचं म्हणणं होतं, इथल्या लोकांना निवांत पडू द्या.

जाणाऱ्यांसाठी थोडं: तिकीट ऑनलाइन काढा आणि कुठल्या वारी बंद असतं ते वेबसाइटवर बघून घ्या, वेळा बदलतात. सकाळी जा, कारण आत दिवे नाहीत, ढगाळ दुपारी कोरीवकाम नीट दिसत नाही. उन्हाळ्यात आई-वडिलांना नेऊ नका, एसी नाही म्हणजे नाही. पोर्टिकोला पायऱ्या आहेत, गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी फोन करून विचारा. भिंतींना हात लावू देत नाहीत (आत बाबांना दोनदा टोकलं). नदीपर्यंत चालत जा, पण डासांचं औषध लावून, मार्चमध्येही त्या दलदलीकडे बारीक किडे चावतात, माझ्या घोट्यांवर चार दिवस पुरळ होतं. मगरीही असतात त्या पाण्यात, मुलांना काठाशी सोडू नका. आम्ही दशम्या आणि चटणी नेली होती, गाडीतच खाल्ली. घराला दोन तास धरा आणि दफनभूमीला वेगळा अर्धा तास. तिन्ही प्लँटेशन्स एका दिवसात उरकायच्या फंदात पडू नका. आम्ही पडलो, आणि मिडलटनला पोचेपर्यंत आई गाडीतून उतरलीच नाही, म्हणाली तुम्ही या बघून, माझं झालं बघून.