तुम्ही विचारलंत म्हणून: जुना दोन भिंगांचा कॅमेरा घेताना

“जुना ट्विन-लेन्स कॅमेरा घ्यायचा आहे; कोणता घेऊ?” हा प्रश्न मला सोलापुरात वरचेवर विचारला जातो. विचारणाऱ्यांत डिजिटलवर हात बसलेली आणि आता फिल्मवर काम करून पाहू इच्छिणारी तरुण मुले असतात, तशीच आजोबांच्या स्टुडिओतला कॅमेरा कधीकाळी विकला गेला म्हणून हळहळणारी आणि तसाच एखादा घरात असावा असे वाटणारी मंडळीही असतात. दोघांनाही कंपनीचे नाव ऐकायचे असते. मी मात्र आधी विचारते की, तुम्ही त्यात रोल घालणार आहात की तो जपून ठेवणार आहात. वापरायच्या कॅमेऱ्यात जे पाहायचे आणि संग्रहाच्या कॅमेऱ्यात जे पाहायचे, त्यांत पुष्कळ अंतर आहे. आणि दोन्हीकडे, पाटीवरच्या नावापेक्षा तुमच्या हातात आलेल्या त्या एका नगाची प्रकृती जास्त मोलाची असते.

या कॅमेऱ्याची रचना समजली की तो तपासणे सोपे जाते. वरच्या भिंगातून आलेली प्रतिमा आतल्या तिरक्या आरशावरून घासलेल्या काचेवर पडते आणि आपण मान खाली घालून ती पाहतो. खालच्या भिंगात शटर असते आणि फोटो त्याच भिंगातून फिल्मवर उतरतो. दोन्ही भिंगे एकाच पट्टीवर बसवलेली असल्याने फोकस करताना ती बरोबरीने पुढेमागे होतात. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील फ्रांके उंड हायडेके या कंपनीने १९२९ मध्ये रोलायफ्लेक्स आणला आणि या घाटाचे पुढचे बहुतेक कॅमेरे त्याच वाटेने गेले. आपल्या देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनीही रोलायफ्लेक्सवर काम केले. काचेवर डावे-उजवे उलट दिसते, त्यामुळे सुरुवातीला चालत्या माणसाच्या मागे कॅमेरा भलतीकडेच वळतो. ती सवय थोड्याच दिवसांत होते. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीला गर्दी दाटली की हाच कॅमेरा उलटा करून डोक्यावर धरता येतो आणि मान वर करून काचेत पाहता येते, ही सोय मला फार प्रिय आहे.

आता फसगतीच्या जागा. समोर दोन भिंगे दिसली म्हणजे तो खरा ट्विन-लेन्स असतोच असे नाही. कोडॅक डुआफ्लेक्स किंवा एन्साइन फुल-व्ह्यू हे कॅमेरे तसेच दिसतात, पण त्यांची वरची काच केवळ चौकट दाखवते, तिच्यावर फोकस होत नाही; शिवाय डुआफ्लेक्सला ६२० क्रमांकाची फिल्म लागते. ती फिल्म १२० क्रमांकाच्या नेहमीच्या रोल-फिल्मइतकीच रुंद असली तरी तिचे स्पूल, म्हणजे गुंडाळायचे रीळ, बारीक असते आणि आज ती बाजारात सहज मिळत नाही. बेबी रोलाय आणि याशिका ४४ हे देखणे कॅमेरे १२७ क्रमांकाच्या फिल्मचे आहेत. नवशिक्याने १२० शिवाय दुसऱ्या कशालाही हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १२० च्या एका रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरच्या बारा निगेटिव्ह येतात आणि त्यांतल्या प्रत्येकीचे क्षेत्रफळ पस्तीस मिलिमीटरच्या निगेटिव्हच्या साडेतीन पटींहून अधिक भरते. हा सगळा खटाटोप करायचा तो त्यासाठीच.

सोलापुरात असा कॅमेरा बहुधा ओळखीतून, एखाद्या बंद झालेल्या स्टुडिओच्या कपाटातून बाहेर येतो. नाहीतर पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोरबाजार गाठावा लागतो. कुठेही घ्या, पण हातात घेऊन तपासल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि जाताना एक छोटी टॉर्च, ट्रेसिंग पेपरचा तुकडा व केबल रिलीज (शटर दाबून धरायची लवचीक तार) खिशात ठेवा.

पहिली तपासणी शटरची. ते एक सेकंदावर लावून सोडा आणि कान जवळ न्या. निरोगी शटरमध्ये आतली बारीक दातेरी चाके एकसारख्या लयीत घरघरतात आणि पाती ठाम आवाज करून मिटतात. आवाज मध्येच मंदावला, अडखळला किंवा पाती उघडीच राहिली, तर आतले वंगण चिकट झाले आहे असे समजावे. मंद वेगांची ही यंत्रणा सर्वांत आधी थकते, म्हणून विक्रेता पाचशेवर, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागावर, ‘खट्’ करून दाखवतो तेव्हा त्यावर समाधान मानू नये. पाचशेचा वेग बऱ्याच जुन्या शटरांत चाप भरण्याआधीच, म्हणजे शटरची स्प्रिंग ताणण्याआधीच, लावावा लागतो. भरल्यानंतर बळजबरी केल्यास आत मोडतोड होते. सेल्फ-टायमरची कळ तर ओढूच नये, कारण वर्षानुवर्षे न हललेली ती यंत्रणा मध्येच अडकली की शटरही अडकते.

त्यानंतर शटर ‘बी’वर (कळ दाबलेली असेपर्यंत शटर उघडे राहते ती खूण) उघडे धरून मागून टॉर्च दाखवा. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे दिसले तर ती बुरशी आहे, सगळ्या काचेवर दुधी धूसरपणा असेल तर तो आतला थर आहे, आणि चार धूळकण दिसले तर ते सोडून द्या. कोकणातून किंवा मुंबईतून आलेल्या कॅमेऱ्यात बुरशी अधिक आढळते. आपल्या कोरड्या हवेत तिचे भय कमी असले तरी धूळ आणि उन्हाळा यांचा त्रास वेगळा असतो: पारा चाळिशीपलीकडे गेलेल्या दिवसांत पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात पडून राहिलेल्या कॅमेऱ्याचे वंगण पातळ होऊन पसरते आणि अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर (भिंगातले प्रकाशाचे छिद्र लहानमोठे करणाऱ्या) तेलाचा तकतकीतपणा दिसतो.

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तपासणी मात्र पुढची आहे, आणि तीच लोक टाळतात. मागचे झाकण उघडून फिल्म जिथून सरकते त्या पट्ट्यांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा, केबल रिलीजने शटर ‘बी’वर उघडे ठेवा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि दूरच्या एखाद्या खांबावर वरच्या काचेत फोकस करा. तोच खांब कागदावरही तितकाच रेखीव दिसला पाहिजे. तसा तो दिसला नाही तर कोणीतरी भिंगे काढून चुकीची बसवली आहेत, किंवा कॅमेरा पडून भिंगांची पट्टी वाकली आहे. पट्टी पूर्ण मागे घेऊन तिच्या चारही बाजूंची फट डोळ्यांसमोर धरून पाहिली की पडल्याची खूण बहुधा तिथेच सापडते. वरचा आरसा मळलेला असला तर त्यावर रुमाल फिरवू नका. त्याचा चांदीचा थर काचेच्या पुढच्या अंगाला असतो आणि पुसताना निघून येतो.

नावे विचारलीत म्हणून सांगते. शिकणाऱ्याला मी याशिका-मॅट सुचवते. आपल्याकडच्या स्टुडिओंत याशिका पुष्कळ चालली, चार काचांचे याशिनॉन भिंग अ‍ॅपर्चर थोडे मिटले की फार सुरेख चित्र देते, आणि प्रकाश मोजणारे मीटर नसलेले जुने मॉडेल स्वस्तही पडते. १९७० पासून निघालेल्या १२४जी ला मागणी जास्त आहे, पण तिचे मीटर आता बंद झालेल्या पाऱ्याच्या बॅटरीवर बेतलेले होते आणि त्या मीटरसाठी जास्त पैसे मोजणे मला पटत नाही. सोलापूरच्या उन्हात आयएसओ शंभरच्या फिल्मला एफ/सोळाचे अ‍ॅपर्चर आणि एकशे पंचवीसचा वेग पुरतो. एवढा हिशेब तोंडपाठ असला की दिवसाचे निम्मे काम भागते. मिनोल्टा ऑटोकॉर्डचे भिंग मला याशिकापेक्षाही सरस वाटते, फक्त फोकसची खालची कळ जड लागत असेल तर जोर लावू नका, ती तुटते. रोलायकॉर्ड साधा आणि टिकाऊ आहे. मामिया सी३३० ची भिंगे बदलता येतात, पण दीड किलोच्या वरचे ते धूड गळ्यात घेऊन चार हुतात्मा पुतळ्यांपासून किल्ल्यापर्यंत चालायचे असेल तर विचार करावा. ल्युबिटेल स्वस्त आणि हलका असला तरी त्याच्या काचेच्या मधल्या लहानशा ठिपक्यावरच फोकस दिसतो आणि नवा माणूस कंटाळतो.

संग्राहकाने वेगळी नजर ठेवावी. त्याला शटर मंद असले तरी चालेल, पण भिंगे मूळचीच हवीत, कातडे नव्याने रंगीत चढवलेले नसावे, पाटीवरचा क्रमांक खरवडलेला नसावा, आणि टोपण, चामड्याचे केस, माहितीपुस्तिका असे सामान बरोबर असेल तर त्याची किंमत जरूर मोजावी. १९२९ चा पहिला रोलायफ्लेक्स ११७ क्रमांकाच्या फिल्मचा होता आणि तिच्यावर सहाच फोटो येत. तो शोधणाऱ्याने तो कपाटासाठीच घ्यावा. जपून ठेवलेल्या कॅमेऱ्याचेही शटर अधूनमधून चालवावे आणि चाप भरलेला ठेवून तो कपाटात टाकू नये.

दुरुस्तीचा खर्च किमतीतच धरावा. शटरची चाके घड्याळासारखी असल्याने काही जण कॅमेरा घड्याळजीकडे नेतात. तो चाके साफ करील, पण भिंगे परत बसवताना फोकस जुळवणे हे वेगळे काम आहे. ते काम केलेला माणूस पुण्या-मुंबईत शोधलेला बरा.

पहिला रोल कृष्णधवल घ्या आणि प्रत्येक फोटोचे अ‍ॅपर्चर व वेग वहीत टिपून ठेवा. १२० च्या रोलला डबी नसते, फक्त पाठीमागे कागद असतो, म्हणून तो घालताना आणि काढताना सावलीत उभे राहावे आणि काढल्यावर घट्ट गुंडाळून त्याची पट्टी लगेच चिकटवावी. घरी रोल धुणार असाल तर डेव्हलपरसाठी (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनासाठी) वीस अंशांचे पाणी लागते आणि मे महिन्यात आपल्या टाकीतले पाणी त्याहून कितीतरी गरम असते. तेव्हा डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात उभी करून तापमापी बुडवावी आणि स्टॉप व फिक्सर ही पुढची रसायने आणि धुण्याचे पाणीही त्याच तापमानाच्या आसपास आणावे. निगेटिव्ह वाळल्यावर आधी फोटोंमधल्या मोकळ्या जागा पाहा: त्या सारख्या असतील तर फिल्म पुढे नेणारी यंत्रणा ठीक आहे, चौकटी एकमेकींवर चढत असतील तर कॅमेरा दुरुस्तीला न्यावा. मग वहीशी ताडून पाहा. मंद वेगांवर घेतलेल्या निगेटिव्हच तेवढ्या जास्त काळ्या उतरल्या असतील, तर शटर अजून साफ व्हायचे आहे.