चार माईक, एक तानपुरा: घरच्या रेकॉर्डिंगसाठी मी सामान कसं निवडलं

घरी रेकॉर्डिंग सुरू करायचं म्हटलं की लोक आधी विचारतात, कॉम्प्युटर कोणता घेऊ? माझ्या मते तो तिसरा प्रश्न आहे. एका वेळी किती जण वाजवायला बसणार, हा पहिला. त्यांच्यात सगळ्यात हळू बोलणारं वाद्य कोणतं, हा दुसरा. या दोन्हींची उत्तरं कागदावर आली की साउंड कार्ड, म्हणजे माईक कॉम्प्युटरला जोडणारा डबा, ठरतं आणि त्याच्या मागोमाग कॉम्प्युटरही. मी याच क्रमाने गेले, म्हणून ते सगळं सविस्तर लिहिते आहे. आपल्याकडे पेटी-तबल्यावर गाणारी खूप माणसं आहेत, पण या विषयावरचा बहुतेक सल्ला गिटार किंवा कीबोर्ड घेऊन एकट्याने बसणाऱ्यांसाठी असतो.

मी मिरजेत राहते, शाळेत संगीत शिकवते आणि संतांच्या अभंगांना चाली लावते. गाते मी, पेटीही माझीच. तबल्याला मागच्या गल्लीतले काका येतात, टाळ माझी भाची धरते. आणि तानपुरा मिरजेचा. आमच्या गावच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा घरात जणू सण होता. असा तानपुरा कोपऱ्यात उभा असताना मोबाइलमधल्या ॲपचा तानपुरा रेकॉर्डिंगला लावायचा नाही, हे माझं आधीपासून पक्कं होतं. पुढचे बरेच निर्णय या एका हट्टातून निघाले.

दुकानात विचारलं तर पहिलं उत्तर यायचं, "ताई, दोन इनपुटचं घ्या, सगळे तेच नेतात." एकट्याने गाणाऱ्याला ते पुरतं, यात शंका नाही. आधी एक ट्रॅक, मग त्यावर दुसरा, असं थर चढवत काम करता येतं. आमच्याकडे ते जमणारं नव्हतं. काकांना मी विचारलं, की मी आधी गाऊन ठेवते, तुम्ही नंतर हेडफोन लावून तबला वाजवाल का? ते म्हणाले, "अगं, तू समेवर कशी येतेस ते बघून मी तिहाई टाकतो. आधीच येऊन गेलेल्या समेला मी काय साथ करू?" विषय संपला. गाण्याला एक माईक, पेटीला एक, तबल्याला एक आणि डग्ग्याला एक. टाळ आणि तानपुरा वेगळे घेता येतात, पण हे चार एकाच वेळी हवेतच.

इथे एक गोष्ट नीट बघून घ्या. खोक्यावर चार इनपुट लिहिलेले असले म्हणजे चार माईक लागतील असं नाही. फोकसराइटच्या स्कार्लेट ४आय४ ला चार इनपुट आहेत, पण माईकचे प्रीॲम्प, म्हणजे माईकचा बारीक सिग्नल मोठा करणारे भाग, दोनच. उरलेले दोन लाइन इनपुट आहेत, म्हणजे कीबोर्ड किंवा मिक्सरसारख्या आधीच मोठा सिग्नल देणाऱ्या वस्तूंसाठी. यात कंपनी काही लपवत नाही, माहितीपत्रकात सगळं स्पष्ट दिलेलं असतं, पण घेणाऱ्याची नजर आकड्यावर जाते. दुकानात प्रश्न असा विचारावा: "माईक प्रीॲम्प किती?" चार प्रीॲम्पच्या गटात माझ्यासमोर मुख्यतः तीन नावं आली. बेहरिंगरचं यूएमसी४०४एचडी, ऑडिएंटचं इव्हो ८ आणि स्कार्लेटच्या तिसऱ्या पिढीतलं १८आय८.

आता दुसरा प्रश्न, तानपुऱ्याचा. माझं सगळ्यात जास्त डोकं इथे लागलं आणि सगळ्यात जास्त आनंदही इथेच मिळाला. तबला जोरात बोलतो, त्याला कुठलाही बरा माईक चालतो. तानपुऱ्याचा आवाज मुळात हळू, आणि त्याचं सगळं सौंदर्य जवारीतून (घोडीवर तार टेकते तिथल्या घडणीतून) उठणाऱ्या वरच्या स्वरांत. तार छेडल्यावर तो गंधार हळूहळू उमलतो आणि विरतो. तो विरत असताना खालून माईकची 'सूंऽऽ' अशी खरखर ऐकू आली, तर खरा तानपुरा लावून काय मिळवलं?

म्हणून माईकच्या संवेदनशीलतेचे, म्हणजे तेवढ्याच आवाजाला माईक किती सिग्नल देतो त्याचे, आकडे वाचायला शिकले. शुअरचा एसएम५७ हा डायनॅमिक माईक, त्याची संवेदनशीलता उणे ५६ डेसिबलच्या आसपास. रोडचा एनटी१ हा कंडेन्सर, त्याची उणे २९. म्हणजे एकाच आवाजाला कंडेन्सर सुमारे २७ डेसिबल जास्त सिग्नल देतो. तानपुऱ्यासमोर डायनॅमिक माईक ठेवला तर प्रीॲम्पचा गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते बटण) शेवटपर्यंत फिरवावा लागतो, आणि तिथे प्रीॲम्पची स्वतःची खरखर वर येते. कंडेन्सरला तेवढा गेन लागतच नाही. शिवाय एनटी१ ची स्वतःची खरखर फक्त साडेचार डेसिबलच्या आसपास. बऱ्याच स्वस्त कंडेन्सरमध्ये ती १५-२० पर्यंत असते. त्या मानाने हल्लीच्या साउंड कार्डांच्या प्रीॲम्पमधला फरक फारच थोडा आहे. महागडं साउंड कार्ड आणि साधा माईक घेण्यापेक्षा मधलं साउंड कार्ड आणि शांत माईक घ्यावा, असं माझं स्पष्ट मत झालं. पैसे तसेच वाटले. एक चांगला कंडेन्सर गाण्याला आणि तानपुऱ्याला, तबला-डग्ग्याला दोन डायनॅमिक, आणि पेटीला माझ्याकडे कार्यक्रमांसाठी होता तोच जुना माईक.

कंडेन्सरला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे साउंड कार्डातून माईकच्या केबलवरूनच जाणारी वीज, लागते. ती प्रत्येक चॅनलला वेगळी चालू करता येते की सगळ्यांना एकदम लागते, हेही विचारून घ्यावं. नीट बांधलेल्या डायनॅमिक माईकला तिचा त्रास होत नाही, पण जुन्या, दुरुस्त केलेल्या केबली असतील तर ती नको तिथे न गेलेलीच बरी.

शेवटी इव्हो ८ घेतलं. चार प्रीॲम्प, ५८ डेसिबल गेन, आणि वेगळ्या ॲडॅप्टरशिवाय यूएसबीच्या केबलवरच चालणारं. शिवाय हेडफोनची दोन भोकं. मला माझा आवाज मोठा हवा असतो, काकांना पेटी. एकाच हेडफोनच्या मिक्सवर दोघांनी भागवायचं म्हटलं, की दर वेळी कोणीतरी मन मारून वाजवतं, आणि ते रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं.

आता कॉम्प्युटर. त्याआधी लेटन्सी, म्हणजे वाजवलेलं परत कानात यायला होणारा उशीर, काय ते सांगते, कारण सगळी घबराट तिथेच असते. माईकमधून आलेला आवाज कॉम्प्युटर छोट्या-छोट्या घासांत घेतो. घासाचं माप म्हणजे बफर. ४८ किलोहर्ट्झला (म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८ हजार मापं, त्यातलं प्रत्येक माप म्हणजे सॅम्पल) १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, ५१२ चा म्हणजे जवळजवळ १०.७. आवाज कॉम्प्युटरमध्ये जाऊन परत हेडफोनमध्ये येईपर्यंत असे निदान दोन घास लागतात, वर साउंड कार्डाचा स्वतःचा थोडा वेळ. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे वीस-बावीस मिलिसेकंदांचा उशीर झाला, तर तुमचाच तबला सात मीटर लांबून ऐकू यावा तसं होतं. द्रुत लयीतली लग्गी अशी कोण वाजवणार?

पण आमच्यासारखे सगळे एकत्र बसून वाजवत असतील, तर हा प्रश्न बराचसा निघूनच जातो. साउंड कार्डात डायरेक्ट मॉनिटरिंग असतं. माईकचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता साउंड कार्डातूनच हेडफोनला मिळतो आणि कॉम्प्युटर बाजूला निवांत लिहून घेतो. बफर १०२४ ठेवला तरी गाणाऱ्याला कळत नाही. ज्यांना मिडी कीबोर्डवर सॉफ्टवेअरमधली वाद्यं वाजवायची आहेत, त्यांचं गणित उलटं आहे. त्यांना लहान बफर आणि ताकदवान प्रोसेसर दोन्ही लागतात, आणि सॅम्पलच्या मोठ्या लायब्ऱ्या असतील तर ३२ जीबी रॅमसुद्धा. आपण कोणत्या गटात आहोत हे ठरवूनच बजेट मांडावं.

जागेचा हिशेब सोपा आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ८.६ एमबी घेतो. चार ट्रॅक तासभर चालले तर दोन जीबीच्या थोडं वर. त्यामुळे २५६ जीबीच्या मशिनलाही मी नाक मुरडलं नाही. पूर्ण झालेलं काम बाहेरच्या एसएसडीवर हलवता येतं.

घरात विंडोजचा एक जुना लॅपटॉप होता. एका मित्राचं दोन इनपुटचं साउंड कार्ड मागून आणलं आणि आधी त्यावरच तपासून पाहिलं. विंडोजवर साउंड कार्डाच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (कमी उशिरात आवाजाची ने-आण करणारं सॉफ्टवेअर) घालणं फार महत्त्वाचं आहे. ही पद्धत स्टाइनबर्गने १९९७ मध्ये आणली आणि आजही विंडोजवरचं गंभीर काम तिच्यावरच चालतं. रेकॉर्डिंगमध्ये मधूनच 'टिक' असा आवाज येत होता. लेटन्सीमॉन नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालवलं, तर वायफायचा ड्रायव्हर दोषी निघाला. वायफाय बंद केलं, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर टाकला, यूएसबीला झोपवणारी सेटिंग बंद केली, आणि टिकटिक गेली. जुना लॅपटॉप असेल तर नवा घेण्याआधी हे नक्की करून बघा, कदाचित खर्च वाचेल.

माझा खर्च मात्र पंख्यामुळे झाला. दहा मिनिटांत लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागायचा आणि माझा शांत कंडेन्सर ती घरघर प्रामाणिकपणे टिपायचा. छताचा पंखा बंद करून, घामाने भिजून गायचं, आणि रेकॉर्डिंगमध्ये लॅपटॉपचा पंखा! त्यात चार्जर लावला की बारीक हम, म्हणजे विजेची गुणगुण. इलेक्ट्रिशियनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजून घेतलं. ते दोन-तीन व्होल्टपेक्षा फार जास्त असू नये. आमच्या इमारतीतला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडाठाक पडला होता. त्यात पाणी घातल्यावर हम बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही. बॅटरीवर चालवलं की मात्र साफ नाहीसा.

तिथे मला माझं उत्तर मिळालं. पंखा नसलेला, बॅटरीवर तास न् तास चालणारा लॅपटॉप. ॲपलच्या मॅक मिनीचा, म्हणजे स्क्रीन नसलेल्या छोट्या कॉम्प्युटरचा, विचार झाला होता. एम४ चिपचा मिनी भारतात ५९,९०० रुपयांना आला, १६ जीबी रॅमसह, आणि त्या किमतीला ते फार चांगलं मशिन आहे. पण त्याला स्क्रीन लागतो, यूपीएस लागतो, आणि आमच्याकडे ऐन अंतऱ्यात वीज जाते. शिवाय यूपीएसवरही तो भिंतीतल्या विजेला बांधलेलाच. मॅकबुक एअरला एम१ पासून, म्हणजे २०२० पासून, पंखाच नाही. नवा घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून वापरलेला एम१ एअर, १६ जीबीचा, शोधून घेतला.

वापरलेला घेताना विकणाऱ्यासमोर बसून तीन गोष्टी बघितल्या. बॅटरीची सायकल संख्या (ॲपलच्या हिशेबाने हजारपर्यंत ती धरते), जुन्या मालकाचं आयक्लाउड खातं पूर्ण निघालंय का, आणि मशिन एखाद्या कंपनीच्या ताब्यातलं तर नाही. ही तिसरी गोष्ट मशिन पुसून नव्याने सुरू केलं की कळते, कंपनीचं नाव पडद्यावर येतं. रॅम नंतर वाढवता येत नाही, म्हणून ८ जीबीचे स्वस्तात मिळत असूनही सोडले.

सॉफ्टवेअरवर फार वेळ घालवला नाही. ॲपलचं गॅरेजबँड मोफत येतं आणि शिकायला छान आहे, पण ते ४४.१ किलोहर्ट्झवरच चालतं. मला ४८ हवं होतं, कारण चालींचे व्हिडिओ करायचे होते. रीपर हे दुसरं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि व्यक्तिगत परवाना ६० डॉलरचा आहे. तेच ठेवलं.

काम असं चालतं. मिरज जंक्शन जवळ असल्याने गाड्यांच्या भोंग्यांच्या मधली वेळ पकडावी लागते. आधी तानपुरा पेटीच्या काळी चारला मिळवून घेते. ॲपच्या आकड्याला नाही, माझ्याच पेटीच्या पट्टीला, कारण पेटी हलणार नाही. मग एकटा तानपुरा दहा-पंधरा मिनिटं सलग रेकॉर्ड करते. तो हेडफोनमध्ये सोडून आम्ही दोघं बसतो, काका दाराजवळ, मी कपाटाकडे पाठ करून, मध्ये दोरीवर वाकळ टांगलेली. माझ्या माईकमध्ये तबला थोडा येतोच, तो मी येऊ देते. गेन असा ठेवते की सर्वात मोठा ठोकाही उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ नये. २४ बिटमध्ये खाली भरपूर जागा असते, काटा लाल पट्टीला भिडवायची गरज नाही. टाळ सर्वात शेवटी, भाची शाळेतून आल्यावर, आणि माईकपासून चांगली दोन हात लांब.

पुढची खरेदी स्पीकरची. मिक्सिंग अजून हेडफोनवरच करते, आणि डग्ग्याचा घुमारा हेडफोनवर खरा किती आहे ते कळत नाही. पण त्याआधी समोरच्या उघड्या भिंतीला जाड गाद्यांच्या चौकटी लावायच्या आहेत. सुताराला माप देऊन ठेवलंय.