सरांचा तिसरा रकाना

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मजकूर पाठवा असा निरोप आला, तेव्हा शाळेबद्दल लिहायचं ठरवलं होतं. लिहायला बसलो की मराठीचे सरच पुढे येतात. बाकी गुरुजनांनी रागावू नये. सरांचं नाव लिहीत नाही; ज्यांच्या बाकावर त्यांचा डस्टर आपटला आहे, त्यांना सांगायची गरज नाही.

नववीच्या दिवाळीत सरांनी आम्हा चौघांना रणजित देसाईंची 'स्वामी', माधवराव पेशव्यांवरची कादंबरी, वाचायला दिली. प्रत एकच, म्हणून पाळी लावून. वाटलं, सारांश लिहून दिला की मोकळे. सुटी संपल्यावर सरांनी फळ्यावर तीन रकाने आखले: कादंबरीत, इतिहासात, आपल्याकडे.

पहिला लगेच भरला. दुसऱ्यासाठी सरांनी कपाटातून सरदेसायांच्या रियासतीचा, म्हणजे मराठ्यांच्या इतिहासाचा, खंड काढला. पानिपतानंतर वयाच्या सोळाव्या वर्षी मिळालेलं पेशवेपद, 1763 ची निजामाविरुद्धची राक्षसभुवनाची लढाई, 1772 साली थेऊरला क्षयाने आलेला मृत्यू, सगळं सापडलं. माधवराव आणि त्यांच्या पत्नी रमाबाई यांची बोलणी मात्र कुठेच नव्हती. आमच्यातल्या एकाने विचारलं, "मंग हे खोटं हाय का, सर?"

"खोटं कशाला? ते दोघं काय बोलले हे टिपून ठेवायला तिथं कारकून नव्हता. देसायांनी ते रचलं. तू रचलंस तर मार्क कापीन."

तिसरा रकाना रिकामाच. पुण्याच्या गोष्टीशी आपला काय संबंध? मग सरांनी नागपूरकर भोसले काढले. 1763 मध्ये जानोजी भोसले निजामाच्या बाजूने होते आणि त्या फौजांनी पुणं लुटलं. राक्षसभुवनाच्या वेळी ते फिरले, बदल्यात बत्तीस लाखांचा मुलूख मिळाला. तो परत घ्यायला माधवराव दोनदा वऱ्हाडावर चालून आले. 1769 च्या मोहिमेत नागपूर लुटलं गेलं, चांद्याला (आजचं चंद्रपूर) वेढा पडला, जानोजी हुलकावणी देत पुण्याच्या रोखाने निघाले आणि शेवटी मार्चमध्ये कनकापूरचा तह झाला. म्हणजे ज्याच्यासाठी आम्ही थेऊरच्या पानांवर डोळे पुसले, त्याच पेशव्याची फौज आपल्या मुलखात लूट करून गेली होती. हे कळल्यावर आम्ही काही वेळ सरांवरच चिडलो होतो.

त्या रविवारी सर आम्हाला सायकलींवर आमनेरला घेऊन गेले. जाम आणि वर्धेच्या संगमावरचा पडका किल्ला तुम्ही पाहिलाच आहे. शेजारच्या संत्र्याच्या बगीच्यातले एक आजोबा काठी घेऊन आले. "काय पाह्यता गुरुजी? इथी काई नाई." सर सरळ बांधावर बसले, त्यांच्या चंचीतली तंबाखू मागून घेतली आणि विचारलं, "तुमचा आजा काय सांगे?" म्हातारा खुलला. पुण्याकडची फौज आली होती म्हणे, जमिनीतलं धान्य उकरून घेऊन गेली. आम्ही भराभर वहीत उतरवलं. सरांनी वही घेतली आणि समासात लाल पेनाने लिहिलं: 'ऐकीव. सांगणाऱ्याला साल माहीत नाही.' खोडलं मात्र काही नाही. रकाना भरला!

आज मी महसूल खात्यात नायब तहसीलदार आहे. जमिनीच्या वादात लोक तीन पिढ्यांच्या हकिगती रंगवून सांगतात. मी अधिकार अभिलेख आणि पेरेपत्रक, म्हणजे मालकीची आणि पिकांची नोंद, उघडतो, आणि त्यात नसेल ते माझ्या टिपणात 'ऐकीव' असा शेरा मारून ठेवतो. कार्यालयातले हसतात. हसोत. असे मास्तर त्यांना लाभले नाहीत.

मध्यंतरी शाळेत आलो होतो. ग्रंथालयाच्या खोलीत आता संगणक आहेत, कपाटं जिन्याखाली. मुलांचे प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात, पहिल्या पानावरचं नाव तेवढं बदलायचं. मुलांना काय बोलणार, तपासणारेही त्यावर सही करतात. कपाटं बाहेर काढणार असाल तर रंगाचा आणि नव्या कुलपांचा खर्च माझ्याकडे. मुख्याध्यापकांना तसं कळवलं आहे. रियासतीचे खंड वाळवीतून वाचलेत का, ते मात्र कुणीतरी आधी बघा.