मॅडम, वाटंत चार्जिंग संपलं मंजी?

दिवाळीच्या पाडव्याला मी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. तेव्हापासून शाळेच्या गेटवर, लग्नाच्या पंगतीत, अगदी पंपावर नुसती हवा भरायला थांबले तरी कुणी ना कुणी विचारतंच, "मॅडम, ॲव्हरेज काय देतीया?" आणि उत्तराची वाट न बघता खरा प्रश्न येतो, "आन् वाटंत चार्जिंग संपलं मंजी?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच सविस्तर सांगते.

संपत नाही. मी राहते साताऱ्यात, शाळा कोरेगावला. जाऊन-येऊन चाळीसएक किलोमीटर, वर मंडई, बँक आणि आईकडे एखादी चक्कर. बॅटरीत साडेतीन युनिट, म्हणजे साडेतीन हजार वॅट-तास वीज मावते. माझ्या चालवण्याला किलोमीटरमागे तीस-बत्तीस वॅट-तास लागतात. भागाकार केलात तर उत्तर शंभराच्या वर येतं. कंपनीच्या कागदावरचा आकडा याहून बराच मोठा असतो, पण तो चाचणीतल्या ठरावीक वेगाचा, एकट्या माणसाचा. महामार्गावर साठच्या पुढे मूठ पिळली की वाऱ्याचा अडसर भराभर वाढतो आणि टक्के डोळ्यांदेखत उतरतात. गावातल्या तीस-चाळीसच्या वेगात ती गाडी चकित करण्याइतकं कमी खाते. पेट्रोलच्या स्कूटरचं नेमकं उलटं, ती गावातल्या गर्दीतच जास्त पिते.

पैशाचं म्हणाल तर शंभर किलोमीटरला, चार्जरमध्ये वाया जाणारी धरून, चार युनिटच्या आत भागतं. माझ्या जुन्या गाडीला तेवढ्या अंतराला दोन लिटरच्या वर पेट्रोल लागायचं आणि लिटरचा भाव शंभरीपार आहे. पण नवी गाडी महाग पडली, हेही सांगायला हवं. केंद्राची सबसिडी बॅटरीच्या दर किलोवॅट-तासाला (म्हणजे दर युनिटला) ५,००० रुपये होती, ती एप्रिल २०२५ पासून निम्म्यावर आली. रोज पाच किलोमीटर फिरणाऱ्याने बचतीच्या आशेने ही गाडी घेऊ नये. पैसे फिटेपर्यंत गाडी म्हातारी होईल.

आता जे कुणीच विचारत नाही, ते. गाडी रात्री उभी कुठे करता? माझ्या मते सगळा प्रश्न एवढाच आहे, आणि शोरूममध्येही तो कुणी विचारला नाही.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. बिल्डिंग जुनी. पार्किंगमध्ये एकच प्लग, तोही जिन्यातल्या दिव्यांच्या कॉमन मीटरवरचा. मी परवानगी मागितली तर मीटिंग लागली. "आज तुम्ही, उद्या आणखी चौघं, कॉमन बिल कुणी भरायचं?" विचारणाऱ्याचं चुकत नव्हतं. शेवटी माझ्याच फ्लॅटच्या मीटरवरून केबल खेचायची, असं ठरलं. मीटर-रूमपासून माझ्या खांबापर्यंत पाइपातून केबल, स्वतंत्र एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), कुलूप लावता येईल असा डबा आणि त्यात पंधरा अँपियरचा प्लग. माझं वापरणं माझ्याच बिलात, त्यामुळे कुणाला बोलायला जागा राहिली नाही.

सगळं झालं, प्लग लावला आणि चार्जरवर लाल दिवा. वायरमनने टेस्टर फिरवला, फेजमध्ये वीज होती, न्यूट्रल ठीक होतं. मग तो जरा वेळ डोकं खाजवत बसला आणि म्हणाला, "ताई, तुमच्या बिल्डिंगला अर्थिंगच नाही." म्हणजे प्लगला तिसरं भोक होतं, त्यामागे हिरवी वायरही होती, पण ती जमिनीपर्यंत कुठे जातच नव्हती. फ्रिज, मिक्सर, गिझर यांनी इतकी वर्षं त्याबद्दल तक्रार केली नाही. या चार्जरने केली. अर्थिंग सापडलं नाही तर तो चार्जिंग सुरूच करत नाही, आणि करू नयेच.

मग मागच्या बाजूला खड्डा खणला, त्यात पट्टी उभी केली, भोवती मीठ आणि कोळसा थरावर थर घालून पाणी सोडलं. तळमजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "कसली पूजा आहे गं?" तीच अर्थिंग मीटर-रूममधून सगळ्यांना जोडून घेतली. काकूंच्या फ्रिजच्या दाराला ओला हात लावला की मुंग्या यायच्या, त्या बंद झाल्या. माझ्या गाडीचं बिल्डिंगमध्ये जे काही कौतुक आहे, ते त्या फ्रिजमुळे.

खिडकीतून वायर सोडून, एक्स्टेन्शन बोर्डावर रात्रभर गाडी लावणारे मी पाहिलेत. करंट फार मोठा नसतो हे खरं, पण चार-पाच तास सलग वाहतो. सैल सॉकेट त्याने तापतं. गाडी घेण्याआधी वायरमनला बोलवा, शोरूममध्ये नंतर जा.

एकदा प्लग लागला की चार्जिंग हा विषयच डोक्यातून जातो. रात्री जोडायची, सकाळी काढायची. बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत भरभर भरते, शेवटचा पाचवा हिस्सा मात्र रेंगाळतो, कारण सेल भरत आले की करंट कमी करत न्यावा लागतो. रोज शंभरचा हट्ट मी धरत नाही. मेंटेनन्ससाठी दिवसभर लाईट जाते, तेव्हाही अडत नाही, गाडी त्या वेळी कोरेगावात उभी असते. (१,९६० मेगावॅटच्या कोयना प्रकल्पाचं धरण आमच्याच जिल्ह्यात, तरी लाईट जाते ती जातेच.)

चालवायला कशी आहे? पहिले काही दिवस मला ती चालू आहे हेच कळायचं नाही. पेट्रोलच्या बिनगियरच्या स्कूटरला मूठ पिळली की आधी इंजिन ओरडतं, मग क्लच पकडतो, मग गाडी निघते. इथे मूठ आणि चाक यांच्यात मधलं कुणी नाही. माहुलीचा पूल ओलांडला की गळिताच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर लागतात. जुनी गाडी घेऊन त्यांच्या पुढे जाताना मी जीव मुठीत धरायचे. आता समोर रस्ता मोकळा दिसला की दोन क्षणांत पुढे गेलेली असते. हा या गाडीचा सगळ्यात मोठा गुण, आणि त्याबद्दल अजून मला एकानेही विचारलेलं नाही.

आवाज नसण्याचं सुख मात्र एकट्या चालवणाऱ्याचं. रस्त्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना, कुत्र्यांना, मोबाइलवर बोलत चालणाऱ्यांना मागून काही येतंय याचा पत्ता नसतो. मी हॉर्न पूर्वीपेक्षा जास्त वाजवते आणि गल्लीत वेग निम्मा ठेवते. समोरून येणारे मूठ उघड-मीट करून "लाईट चालूए!" अशी खूण करतात ती वेगळीच. तो पुढचा दिवा बंद करायचं बटणच नसतं हो. एप्रिल २०१७ पासून सगळ्याच नव्या दुचाकींना तसा नियम आहे.

मूठ सोडली की गाडी आपोआप आवरते, मोटरच उलट वीज करून बॅटरीत ढकलते. उतारावर ब्रेक क्वचित लागतो. फक्त सकाळी बॅटरी काठोकाठ भरलेली असली तर नवी वीज ठेवायला जागा नसते, मग हे आवरणं कमी होतं आणि घराजवळच्या उतारावर गाडी नेहमीपेक्षा सुसाट वाटते. हे आधी माहीत असलेलं बरं.

खटकतं ते वेगळंच. आमच्या घरी वडिलांची 'प्रिया' स्कूटर होती. बजाज आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून १९७५ मध्ये काढलेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्यातल्या कारखान्यात बनलेली, म्हणजे अगदी गावचीच. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, सुरू होईना की डावीकडे तिरकी करायची, स्पार्क प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा. हे दहावीतल्या पोरालाही जमायचं. कोपऱ्यावरचा फिटर आवाजावरून दुखणं सांगायचा. तो अजून आहे. माझी गाडी त्याने कौतुकाने चहूबाजूंनी बघितली, ब्रेक घट्ट केला, हवा मारली आणि हात पुसले. यापुढचं सगळं सर्व्हिस सेंटरमधल्या लॅपटॉपवर. ऑइल बदलायचं नाही, प्लग नाही, कार्ब्युरेटर नाही, म्हणून खर्च कमी, हे मान्य. पण फिटरकडे उधारीवर काम व्हायचं, लॅपटॉपकडे नाही. आणि मोबाइलवर मेसेज आला की गाडी 'अपडेट' होत बसते, तेवढा वेळ तिला हातही लावायचा नाही. शाळेची पहिली घंटा अपडेटसाठी थांबत नाही.

मग घ्यावी का? तळमजल्यावर किंवा स्वतःच्या घरात असाल, रोज तीस-चाळीस किलोमीटर होत असतील, तर घ्याच. भाड्याच्या खोलीत वरच्या मजल्यावर असाल आणि मालक प्लगला नाही म्हणत असेल, तर बॅटरी काढून घरात नेता येणाऱ्या गाड्या बघा, नाहीतर आणखी थोडे दिवस पेट्रोलवर काढा. घरात एकच गाडी आणि पुण्याला वरचेवर जाणं, तरीही थांबा.

राहिलं कास, आमचं फुलांचं पठार. "तिथवर चढंल का?" हा साताऱ्यातला हमखास प्रश्न. पठार गावापासून पंचवीसएक किलोमीटर आणि गावाहून पाचेकशे मीटर उंच. आम्ही दोघं गेलो. यवतेश्वरचा घाट चढून पठारावर पोहोचेपर्यंत एक-तृतीयांशाच्या आसपास बॅटरी गेली, उतरताना त्याच्या निम्मीही गेली नाही. तेव्हा खुशाल जा, पण फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवार टाळा. तिथे चार्जिंगपेक्षा पार्किंग अवघड आहे.